नामदेवरायांची एकसष्ट पदे आणि शीख पंथातील ग्रंथप्रामाण्याचा वाद

गतवर्षीच्या वार्षिक सभेत आपल्या ज्ञातीतर्फे श्रीनामदेवरायांच्या निवडक अभंगांचे एक छोटे पुस्तक छापावे, असा ठराव आला होता हे सभासदांस स्मरत असेलच. ठराव साधा, परंतु त्यावरून सभेत जी खडाजंगी झाली ती साधी नव्हती. एका तरुण सभासदाने उठून विचारले की, गाथेत जे अभंग नामदेवांच्या नावावर छापले जातात त्यांतील कित्येक पुढील काळच्या विष्णुदास नाम्याचे आहेत असे विद्वान म्हणतात, मग ते आपण नामदेवांचे म्हणून कसे छापावे ? ते गाळून टाकावेत. यावर आमच्या वयाच्या, किंबहुना आमच्याहून वडील अशा मंडळींना फार राग आला. ज्या अभंगावर आमच्या आजोबांनी टाळ धरला तो आज खोटा कसा ठरला, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही पक्षांचे काही अंशी खरे असल्याने सभा कोणत्याही निर्णयाविना तहकूब झाली. पुढे चिटणिसांनी आम्हांस गळ घातली की, मास्तर, आपण या विषयावर स्मरणिकेसाठी काही लिहावे.

आम्ही काही पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यावर प्राथमिक शाळेतील नोकरी, एवढीच आमची शिदोरी. परंतु निवृत्तीनंतर नांदेड येथे तीन-चार वेळा जाणे झाले, आणि तेथे मनात जो प्रश्न उत्पन्न झाला त्याचा पाठपुरावा करता करता असे ध्यानी आले की, आपल्या सभेत उपस्थित झालेला प्रश्न शीख बांधवांपुढे चारशे वर्षांपासून उभा आहे. एवढेच नव्हे, तर एके काळी तेथील वादात आपले नामदेवरायच अडकले होते. म्हणून हा लेख.

प्रथम ग्रंथाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पाचवे गुरू श्रीअर्जुनदेव यांनी इ. स. १६०४ साली अमृतसर येथे आदिग्रंथाची संहिता सिद्ध केली. गुरू सांगत आणि भाई गुरदास लिहीत. ग्रंथ हरिमंदिरात स्थापन झाला आणि वयोवृद्ध बाबा बुढ्ढा हे पहिले ग्रंथी झाले. आता, हा उद्योग गुरूंनी का केला ? त्याचे कारणच मुळी खऱ्या-खोट्याचा वाद हे आहे. शीख गुरूंची रीत अशी की, पहिल्या गुरूंनंतरच्या गुरूंनीही आपल्या पदात 'नानक' हीच मुद्रा घालावी. याचा लाभ असा की गुरू अनेक असले तरी ज्योत एकच, हा भाव ठसतो. परंतु तोटाही उघड आहे. गुरूंचे ज्येष्ठ बंधू पृथीचंद यांस गादी न मिळाल्याने त्यांनी आपला स्वतंत्र संप्रदाय मांडला, आणि त्या घराण्यातही 'नानक' मुद्रेने पदे रचली जाऊ लागली. अशा वाणीस शीख लोक 'कच्ची वाणी' म्हणतात. कच्ची आणि सच्ची यांची भेसळ होऊ नये म्हणून प्रमाण संहिता हवी होती.

आणि ती कशी केली हे पाहण्याजोगे आहे. प्रत्येक पदावर 'महला १', 'महला ३', 'महला ५' असा अंक घातला, म्हणजे मुद्रा एकच असली तरी रचना कोणत्या गुरूंची हे स्पष्ट व्हावे. पदे रागवार लावली. प्रत्येक पदाच्या शेवटी कडव्यांचा आकडा, त्यापुढे पदांचा आकडा आणि विभाग संपला की एकंदर बेरीज. मध्येच कोणी पद घुसडले तर बेरीज चुकते आणि लबाडी उघडी पडते. वाण्याच्या कीर्दखतावणीसारखा हा हिशेब पाहून आमच्यासारख्या गणित शिकविलेल्या माणसास मोठे कौतुक वाटले. आपल्या संतांच्या गाथांना अशी बेरीज कोणी घातली असती, तर आज आपल्या सभेत भांडण झालेच नसते. आपले अभंग दीर्घकाळ कीर्तनकारांच्या मुखी आणि भजनी मंडळींच्या वह्यांत राहिले. ज्याला जो आवडला त्याने तो उतरून घेतला, आणि 'नामा म्हणे' एवढे शेवटी असले की तो नामदेवांचा.

अक्षर बदलू नये याविषयी शीख पंथाचा कटाक्ष किती आहे, हे सातव्या गुरूंच्या घरच्या कथेवरून कळते. गुरू हरराय यांचे थोरले पुत्र रामराय हे औरंगजेबाच्या दरबारी गेले असता, आदिग्रंथातील एका ओळीत मुसलमानांचा उपमर्द आहे अशी तक्रार पुढे आली. रामरायांनी वेळ मारून नेण्यासाठी 'मुसलमान' या शब्दाच्या जागी मूळ शब्द 'बेईमान' असा आहे, असे सांगितले. बादशहा संतुष्ट झाला. परंतु पित्याने पुत्राचे तोंड पाहण्याचे नाकारले, आणि गादी धाकट्या हरकृष्णांकडे गेली. परंपरेतील ही कथा शीख लोक आजही मुलांना सांगतात.

इतका कटाक्ष असूनही हस्तलिखितांत भेद पडलेच. पंजाबात ग्रंथाच्या प्रतीस 'बीड' म्हणतात. करतारपूर येथे सोढी घराण्याकडे जी बीड आहे ती भाई गुरदासांच्या हातची मूळ प्रत, असे मानले जाते. दुसरी भाई बन्नो यांच्या नावाने ओळखली जाणारी बीड. तीत मीराबाईंचे एक पद, सूरदासांचे संपूर्ण पद व शेवटी आणखी काही रचना अधिक आहेत. पंथाने या अधिक रचना प्रमाण मानल्या नाहीत. तिसरी दमदमी बीड. दहावे गुरू श्रीगोविंदसिंह यांनी दमदमा येथे भाई मणिसिंह यांच्याकडून ती लिहविली आणि आपले पिताजी गुरू तेगबहादुर यांची वाणी तीत समाविष्ट केली, अशी परंपरा आहे. तेगबहादुरांची वाणी असलेल्या काही प्रती त्याहून जुन्या आहेत असे अभ्यासक म्हणतात. आज १४३० पृष्ठांचा जो छापील ग्रंथ सर्वत्र पाहावयास मिळतो तो या दमदमी परंपरेचा. मूळ दमदमी प्रत मात्र १७६२ च्या मोठ्या कत्तलीत, ज्यास ते 'वड्डा घल्लूघारा' म्हणतात, नाहीशी झाली असे सांगतात. ही कत्तल करणारा अहमदशहा अब्दाली म्हणजे पानिपतावरचाच, आणि तीही पानिपतानंतर अवघ्या एका वर्षाने ! महाराष्ट्रातील घराघरात पानिपताच्या कथा सांगतात, पण त्याच तलवारीने पंजाबात काय केले हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते ?

आता आमच्या जिव्हाळ्याच्या भागाकडे वळू. आदिग्रंथात केवळ गुरूंची वाणी नाही. पंधरा भगतांची वाणी आहे. त्यांत कबीर विणकर, रविदास चर्मकार, सैन न्हावी, सधना खाटीक, धन्ना जाट, शेख फरीद मुसलमान सूफी आणि नामदेव शिंपी. नामदेवरायांची एकसष्ट पदे अठरा रागांत आहेत. त्यांत 'बीठल' हे नाव आहे, देऊळ फिरल्याचा प्रसंग आहे, सुलतानापुढे मेलेली गाय उठविल्याचा प्रसंग आहे. पंजाबातील नामदेव निराळे आणि पंढरीचे निराळे, असा एक तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. ज्या पदांत विठ्ठल आहे, शिवणाची सुई आणि कात्री आहे, त्यांचा कर्ता निराळा मानण्यास आमचे मन घेत नाही. अर्थात मन न घेणे हा पुरावा नव्हे, हेही आम्ही जाणतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्या वेळच्या पतियाळा संस्थानातील भसौड गावी बाबू तेजासिंग या नावाचे एक कडवे सुधारक होते. पंच खालसा दीवान ही त्यांची संस्था. माणूस सामान्य नव्हता. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी खटपट केली, जातिभेदावर कोरडे ओढले. परंतु शुद्धीकरणाचा ध्यास एकदा लागला की तो कोठे थांबावा हे कळत नाही. त्यांनी असे प्रतिपादन केले की, ग्रंथात गुरूंचीच वाणी असावी, भगतांची वाणी ही गुरुवाणी नव्हे, तीत अवतारांची नावे आहेत, मूर्तीचा वास आहे, सबब ती काढून टाकावी. म्हणजे कबीर गेले, फरीद गेले, रविदास गेले आणि आपले नामदेवही गेले ! केवळ बोलून ते थांबले नाहीत, भगतवाणी वगळून त्यांनी छपाईही केली. नित्याच्या प्रार्थनेच्या शब्दांतही त्यांनी फेरफार केले. अखेर १९२८ साली अकाल तख्ताने त्यांस पंथाबाहेर केले.

तेजासिंगांस दंड झाला एवढ्याने त्यांचा मुद्दा खोटा ठरत नाही. दंड आणि खंडन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर्गात छडी मारल्याने मुलाचे चुकीचे उत्तर बरोबर होत नाही, हे आम्ही नोकरीच्या आरंभी शिकलो. परंतु तेजासिंगांच्या म्हणण्यास उत्तर ग्रंथातच आहे, आणि ते आम्हांस निर्णायक वाटते. तिसरे गुरू अमरदास हे आपल्या पदात नामा छींबा आणि कबीर जुलाहा यांना परमगती लाभल्याचे सांगतात. पाचवे गुरू अर्जुनदेव आसा रागातील एका पदात म्हणतात की, अर्ध्या दमडीचा हा छीपा गोविंदाच्या ठायी मन लावून लाखमोलाचा झाला. छींबा वा छीपा म्हणजे कापड छापणारा, शिवणारा, म्हणजे आपलाच धंदा. कबीरांच्या व फरीदांच्या श्लोकांच्या मध्ये गुरूंनी आपले श्लोक घालून त्यांस उत्तर दिले आहे, कोठे त्यांचा भाव वाढविला आहे. भगतांची वाणी काढली तर गुरूंचे हे उत्तर कोणास उद्देशून राहील ? शिवाय आदिग्रंथाच्या आधीच्या, गुरू अमरदासांच्या वंशजांकडे राहिलेल्या गोइंदवालच्या ज्या दोन पोथ्या आज उपलब्ध आहेत, त्यांतही भगतांची पदे आहेत. तेव्हा ही वाणी मागाहून कोणी घुसडली असे म्हणता येत नाही.

कबीरांच्या श्लोकांतच एक लहानसा संवाद आहे. त्रिलोचन हा भगत नामदेवांस विचारतो की, तू हे कापड छापीत काय बसला आहेस, रामाकडे चित्त का देत नाहीस ? नामदेव उत्तर देतात की, हातपाय कामात असू द्यावेत आणि चित्त निरंजनापाशी असावे. आमच्या वडिलांनी सारा जन्म शिलाईच्या यंत्रावर काढला. यंत्राच्या टपटपीबरोबर त्यांचे भजन चाले आणि पायाची लय चुकली की अभंगाचा तालही चुके. हा संवाद प्रथम वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो होतो. भसौडच्या मतानुसार झाले असते, तर पंजाबातील गुरुद्वारांतून हा आवाज बंद झाला असता.

ग्रंथाच्या अगदी शेवटी 'रागमाला' नावाची एक रचना आहे. तीत राग, रागिण्या व त्यांचे पुत्र यांची यादी आहे, ईश्वराचे नाव नाही. ग्रंथात वापरलेले काही राग, उदाहरणार्थ माझ राग, या यादीत नाहीत. ही रचना आलम नावाच्या कवीच्या 'माधवानल कामकंदला' या काव्यातील आहे असे मॅकॉलिफ या आयरिश अभ्यासकाने व काहनसिंग नाभा यांच्यासारख्या मान्यवर शीख पंडितांनी म्हटले. दुसरा पक्ष म्हणतो की, जुन्या प्रतींत ती आहे, गुरूंनी ठेविली आहे, आपण काढणारे कोण ? या वादाचा जो निकाल लागला तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटला. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ साली मान्य केलेल्या आचारसंहितेत असे सांगितले आहे की, पाठाची समाप्ती मुंदावणीवर करावी अथवा रागमाला वाचून करावी, जशी स्थानिक रीत असेल तशी. परंतु याविषयी पंथात अद्याप मतभेद असल्याने रागमालेविना ग्रंथ लिहिण्याचे वा छापण्याचे धाडस कोणी करू नये. म्हणजे वाचण्याचे स्वातंत्र्य आहे, गाळण्याचे नाही.

याहून अवघड प्रकरण दशम ग्रंथाचे. त्यासाठी नांदेडला यावे लागते. १७०८ साली गुरू गोविंदसिंह यांनी गोदातीरी देह ठेविला. तत्पूर्वी यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी सांगितले. पंजाबच्या ग्रंथास गुरुपद मिळाले ते आपल्या मराठवाड्यात, नामदेवांच्या नरसीपासून फार दूर नव्हे. त्याच स्थानी, हजूरसाहिबात, आदिग्रंथाबरोबर दशम ग्रंथाचीही स्थापना आहे. पाटण्यासही ती आहे. अमृतसरच्या हरिमंदिरात मात्र केवळ गुरू ग्रंथसाहिब. प्रथम गेलो तेव्हा दोन ग्रंथ पाहून आम्ही बुचकळ्यात पडलो. तेथील एका वृद्ध सेवेकऱ्यास विचारले. त्यांनी आधी आमची जात-गाव विचारले, शिंपी म्हणताच हात जोडले आणि म्हणाले, "मास्टरजी, आप तो भगत नामदेवजी के घर के हो." दोन ग्रंथांविषयी मात्र ते एवढेच म्हणाले की, "यहाँ शुरू से ऐसे ही है." आम्हांस हे उत्तर तेव्हा अपुरे वाटले.

दशम ग्रंथात जाप, अकाल उस्तत, बचित्र नाटक, चंडीचरित्र, चोवीस अवतारांच्या कथा, औरंगजेबास लिहिलेले जफरनामा हे फार्सी पत्र, आणि चारशेहून अधिक स्त्रीचरित्रांचा 'चरित्रोपाख्यान' हा मोठा भाग आहे. हा शेवटचा भाग वाचून कोणाही सभ्य गृहस्थास संकोच वाटावा. गुरूंनी हे लिहिले असेल काय ? एक पक्ष म्हणतो की, त्यांच्या दरबारी अनेक कवी होते, त्यांच्या रचना यात मिसळल्या, काही कवींच्या मुद्राही दिसतात. १९६० च्या दशकात रतनसिंग जग्गी या अभ्यासकाने बहुतेक भाग गुरूंचा नाही असे प्रबंधात मांडले. दुसरा पक्ष म्हणतो की, दीक्षेच्या वेळी व नित्यपाठात जी चौपाई म्हणतात ती याच चरित्रोपाख्यानाच्या अखेरची आहे, आणि अरदास या प्रार्थनेचा आरंभ याच ग्रंथातील चंडी-दी-वार या काव्याचा आहे. वरचे मोडा म्हणाल तर खालचेही मोडावे लागेल. हाच खरा पेच आहे, आणि त्याची सोडवणूक कोणी केलेली नाही.

हा वाद अठराव्या शतकातही होता. भाई मणिसिंहांच्या हौतात्म्यानंतर दमदमा येथे विद्वान जमले आणि हा ग्रंथ एकत्र ठेवावा की वेगवेगळा करावा, यावर एकमत होईना. त्याच सुमारास हरिमंदिर भ्रष्ट करणाऱ्या मस्सा रांगडाचे शिर आणण्यास मेहताबसिंग व सुखासिंग हे वीर निघाले होते. ते सुखरूप परतले तर ग्रंथ एकत्र, न परतले तर वेगळा, असे ठरले ! १७४० साली ते शिर घेऊन परतले आणि ग्रंथ एकत्र राहिला. पाठनिर्णयाची ही पद्धत विद्यापीठात चालावयाची नाही, पण ज्या काळी पंथाच्या डोक्यांवर बक्षिसे लागली होती त्या काळचा तो निर्णय आहे. पुढे १८९७ च्या सुमारास अमृतसरात शोधक कमिटीने बत्तीस हस्तलिखिते ताडून दशम ग्रंथाचा छापील पाठ निश्चित केला. २००८ साली अकाल तख्ताने सांगितले की, दशम ग्रंथ हा शीख साहित्य व इतिहास यांचे अंग आहे, तथापि गुरुपद एकट्या गुरू ग्रंथसाहिबास आहे. त्यानंतरही शांतता झाली नाही. २०१० साली प्रा. दर्शनसिंग रागी यांस याच ग्रंथाविषयीच्या भाषणावरून पंथाबाहेर करण्यात आले. ते स्वतः पूर्वी अकाल तख्ताचे जथेदार होते !

मूळ आदिग्रंथाच्या संहितेस हात लावणाऱ्या विद्वानांसही सोसावे लागले आहे. करतारपूरच्या बिडीत रामकली रागातील एका पदाच्या दोनच ओळी आहेत व पुढे जागा कोरी आहे. बन्नोच्या बिडीत ते पद पूर्ण असून त्यात मुंडन व जानवे या संस्कारांचा उल्लेख येतो. यावरून तर्कवितर्क झाले. जी. बी. सिंग यांनी १९४४ साली करतारपूरची प्रत मूळ नव्हे असे लिहिले, त्यास भाई जोधसिंग यांनी प्रत्यक्ष प्रत तपासून उत्तर दिले. हे सरळ विद्वानांचे भांडण झाले, आणि ते तसेच व्हावयास हवे. परंतु पुढे प्यारसिंग यांचे १९९२ चे पुस्तक मागे घेतले गेले, आणि टोरांटो येथे प्रबंध लिहिणारे पशौरासिंग यांस १९९४ साली अकाल तख्तापुढे उभे राहून प्रायश्चित्त घ्यावे लागले. श्रद्धावंतांचे दुःख आम्ही समजू शकतो. ज्यास ते जिवंत गुरू मानतात, त्याच्या अंगास सुरी लावल्यासारखे त्यांस वाटले. तरीही ज्या ग्रंथाच्या कर्त्यांनी स्वतः बेरजा मांडून ठेविल्या, त्याची बेरीज पुन्हा करून पाहणाऱ्यास गुन्हेगार समजावे हे आमच्या शिक्षकी बुद्धीस पटत नाही. आणि १९८४ च्या जूनमध्ये अमृतसरच्या ग्रंथालयातील जी हस्तलिखिते नाहीशी झाली, त्यांमुळे ताडून पाहण्याची साधनेच किती कमी झाली, याचे दुःख तर दोन्ही पक्षांस सारखेच असावे.

असो. २०१५ साली घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्यापैकी काही जण गेले होते. तेथील लोकांनी ज्या नामदेवांच्या नावे आपले स्वागत केले, ते त्यांच्या मुखी आहेत याचे कारण १६०४ साली कोणी तरी ते लिहून ठेविले आणि १९२८ साली कोणी तरी ते गाळू दिले नाहीत.

आता आपल्या पुस्तकाविषयी. तरुण सभासदाने उपस्थित केलेला प्रश्न योग्य आहे, त्यास उद्धटपणा म्हणणे गैर होते, आणि त्या दिवशी आम्हीही चार शब्द कडक बोललो याबद्दल येथे दिलगिरी व्यक्त करतो. आमची सूचना रागमालेच्या निर्णयावरून घेतली आहे. ज्या अभंगांवर आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या भजन होते ते सर्व छापावेत. जे विष्णुदास नाम्याचे वा अन्य कोणाचे असावेत असे अभ्यासकांचे मत आहे, त्यांच्या आरंभी फुलीची खूण करावी आणि तिचा अर्थ प्रस्तावनेत स्पष्ट लिहावा. ज्यास ते भजनात म्हणावयाचे नसतील त्याने म्हणू नयेत. आदिग्रंथातील एकसष्ट पदांपैकी काही देवनागरीत, अर्थासह, शेवटी जोडावीत. हा ठराव येत्या सभेत आम्ही मांडणार आहोत. फुलीच्या खुणेने छपाईचा खर्च वाढत नाही, असे छापखानेवाल्यांस विचारून घेतले आहे.